कंबरदुखीची रजा लांबणार, हे आधी कसे ओळखावे?

पाठ धरली म्हणून आठ दिवसांची रजा घेतलेला कामगार बहुधा दहाव्या-पंधराव्या दिवशी पुन्हा हजेरीपटावर दिसू लागतो. त्याच कारखान्यातील, त्याच पाळीतील दुसरा एखादा मात्र तीन महिने उलटले तरी परतत नाही. रजेच्या अर्जामागून अर्ज येतात, वैद्यकीय दाखले जोडले जातात, अर्जित रजा संपते, अर्धवेतनी रजा सुरू होते आणि अखेरीस घरातील दागिना सावकाराकडे जातो. पहिल्या आठवड्यात या दोघांच्या दुखण्यात डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक नसतो. मग दोघांच्या वाटा कोठे फुटतात, आणि ती जागा आधी ओळखता येईल काय, या प्रश्नाचा गेली चाळीस वर्षे निरनिराळ्या देशांत कसून अभ्यास झाला आहे.

प्रश्न लहान नाही. हाडे, सांधे व स्नायू यांच्या विकारांनी जगात सुमारे १७१ कोटी लोक ग्रस्त आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. एकट्या कंबरदुखीचे रुग्ण २०२० साली ६१ कोटी ९० लाख होते. या दुखण्याने माणूस मरत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते. परंतु माणसाला कामावरून उठविणाऱ्या कारणांत त्याचा क्रमांक सर्वांत वरचा आहे. तथापि यांतील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. खरा भार पडतो तो थोड्यांचाच. कॅनडातील क्वेबेक प्रांताने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९८७ साली दाखवून दिले की, पाठदुखीने सहा महिन्यांहून अधिक काळ गैरहजर राहणारे कामगार शेकडा आठही नव्हते, पण नुकसानभरपाईच्या एकूण खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा त्यांच्यावरच पडला होता. अशी मूठभर माणसे वेळीच ओळखता आली, तर त्यांचे व त्यांच्या कुटुंबाचे हाल टळतील, हा या सर्व अभ्यासामागील हेतू होय.

प्रथम साहजिकच सर्वांची दृष्टी क्ष-किरण चित्राकडे वळली. मणक्यातील चकती सरकली असेल तर रजा लांबणार, नसेल तर नाही, असा सरळ हिशेब मांडला गेला. तो चुकला. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कंबरदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींच्या मणक्यांची चुंबकीय यंत्रावर चित्रे घेतली गेली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या निदान एका तरी चकतीत दोष आढळला, आणि ही माणसे तर धडधाकट हिंडत-फिरत होती! वय वाढेल तसे केस पिकावेत, तशाच चकत्याही झिजतात. चित्रात झीज दिसली म्हणून दुखणे तिच्यामुळेच आहे असे ठरत नाही, आणि ते किती लांबेल हे तर त्यावरून मुळीच सांगता येत नाही. आपल्याकडे मात्र ‘गॅप आली आहे’ हे शब्द ऐकताच घरातील सर्वांचा धीर सुटतो व रुग्णाला खाटेवर निजविले जाते. या दोन शब्दांनी जितकी माणसे खाटेला खिळविली असतील, तितकी प्रत्यक्ष चकत्यांनी खिळविली नसावीत.

दुसरा धक्का बोइंग या विमाने बांधणाऱ्या अमेरिकी कंपनीतील पाहणीने दिला. ३,०२० कामगारांवर काही वर्षे लक्ष ठेवून तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या कामात क्वचितच गोडी वाटते असे सांगणाऱ्यांनी पाठदुखीची तक्रार करण्याचे प्रमाण इतरांच्या अडीच पट होते. शरीराची ताकद, लवचिकपणा वगैरे मोजमापांतून यापुढे फारसे काही हाती लागले नाही. या निष्कर्षाचा विपर्यासही पुष्कळ झाला. ‘दुखणे मनाचे आहे, कामगार ढोंग करतो’ असा सोयीचा अर्थ काही मालकांनी काढला. पाहणीचा अर्थ तसा नव्हता. वेदना खरीच असते. पण ती सोसून कामावर परतण्याचे बळ कोठून येते व कशाने खचते, याचे उत्तर केवळ मणक्यात शोधून भागत नाही, एवढाच तो अर्थ होता.

या विचारातूनच स्वीडनमधील अरेब्रू या शहरात स्टीव्हन लिंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. मूळ प्रश्नावलीत पंचवीस प्रश्न होते. २०११ साली तिची दहा प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली, आणि तीच आज अनेक देशांत वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहा असे गुण. दुखणे किती दिवसांपासून आहे, गेल्या आठवड्यात वेदना किती तीव्र होती, तासभर हलके काम करता येते काय, रात्री झोप लागते काय, हे पहिले चार प्रश्न कोणताही डॉक्टर विचारील असेच आहेत. पुढे मात्र प्रश्नांचा रोख बदलतो. मन ताणलेले किंवा चिंताग्रस्त असते काय? उदास वाटते काय? हे दुखणे कायमचे होईल अशी धास्ती किती वाटते? काही महिन्यांनी आपण नेहमीच्या कामावर असू याची कितपत खात्री वाटते? दुखणे वाढले की हातातील काम थांबवलेच पाहिजे, असे वाटते काय? आणि सध्याच्या वेदनेत नेहमीचे काम करूच नये, असे वाटते काय?

शंभरांपैकी पन्नासांहून अधिक गुण झाल्यास रजा लांबण्याचा संभव जास्त, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. यांत विशेष लक्षात घेण्याजोगा प्रश्न परत येण्याच्या खात्रीचा आहे. रुग्णाची स्वतःची अपेक्षा हा भावी रजेचा एक चांगला दर्शक ठरतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. ‘मी आता या कामाचा राहिलो नाही’ असे म्हणणारा माणूस बहुधा काहीतरी जाणून असतो. काम किती अवजड आहे, फोरमनशी त्याचे कसे पटते, घरी मदतीला कोण आहे, हे सारे त्याच्या त्या एका उत्तरात एकवटलेले असते. क्ष-किरण चित्रात ते दिसणे शक्य नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशी प्रश्नावली म्हणजे ज्योतिष नव्हे. समजुतीसाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. शंभर कामगार कंबरदुखीने रजेवर आहेत व त्यांपैकी दहांची रजा खरोखर लांबणार आहे असे समजा. प्रश्नावलीने त्या दहांपैकी आठ अचूक हेरले, ही कामगिरी चांगलीच म्हणावी लागेल. पण उरलेल्या नव्वदांपैकी समजा पंचवीसजणांनाही तिने धोक्याच्या यादीत घातले. म्हणजे यादीत नावे झाली तेहतीस, आणि त्यांत खरी आठच. अशा यादीवरून कोणाची रजा नामंजूर करणे, कोणाला कामचुकार ठरविणे किंवा कामावरून कमी करणे हा उघड अन्याय होईल. चारांपैकी तिघांच्या बाबतीत तर तो सपशेल चुकीचा ठरेल. याच यादीवरून तेहतीसजणांना व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञाकडे धाडले, त्यांच्याशी धीराने बोलले, तर जे आपोआप बरे होणार होते त्यांचेही काही बिघडत नाही. म्हणून अशा प्रश्नावलीचा उपयोग मदत कोणाला आधी पोहोचवावी हे ठरविण्यापुरताच आहे, आणि भरलेला कागद मालकाच्या नव्हे, डॉक्टरच्या कपाटात राहिला पाहिजे.

ब्रिटनमधील कील विद्यापीठाने २००८ साली नऊ प्रश्नांचे असेच एक साधन तयार केले. रुग्णांचे कमी, मध्यम व जास्त धोक्याचे असे तीन गट पाडायचे व प्रत्येक गटाला वेगळे उपचार द्यायचे, अशी ही पद्धत आहे. ८५१ रुग्णांवर तिची चाचणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पद्धतीने रुग्णांना अधिक गुण आला आणि खर्चही कमी झाला. कमी धोक्याच्या गटाला थोडी माहिती व धीर एवढेच पुरेसे ठरले.

धीर कसला द्यायचा? तर हालचाल चालू ठेवण्याचा. फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला व तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. अचानक कंबर धरलेल्या या कर्मचाऱ्यांपैकी काहींना दोन दिवस पूर्ण विश्रांती, काहींना व्यायाम, तर काहींना ‘सोसवेल तितकी रोजची कामे करीत राहा’ एवढाच सल्ला दिला गेला. सर्वांत लवकर सुधारले ते हे तिसरे. मात्र कंबरदुखीबरोबर ताप येणे, वजन घटणे, पायातील शक्ती जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्रश्नावली बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

नॉर्वेची व्यवस्था या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तेथे आजारी कामगाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पूर्ण वेतन एक वर्षभर मिळू शकते. पहिले सोळा दिवस मालकाकडून, पुढे सरकारी खात्याकडून. रजा मंजूर झाल्यावरही पाठपुरावा चालू राहतो. चार आठवड्यांच्या आत मालक व कामगार यांनी मिळून परत येण्याची योजना आखायची, सात आठवड्यांच्या आत समोरासमोर बैठक घ्यायची, आणि सव्वीस आठवड्यांच्या आत सरकारी खात्याने दुसरी बैठक बोलवायची, असा क्रम ठरलेला आहे. शिवाय रजा अंशतःही घेता येते. शंभर टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत. अर्धा दिवस काम व अर्धा दिवस रजा असे करीत माणूस हळूहळू पूर्ण कामावर येतो.

आपल्याकडे संघटित कामगाराला आधार आहे तो कामगार राज्य विमा योजनेचा. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झालेल्या या योजनेत आजारपणात वेतनाच्या काही भागाइतका लाभ ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो, व ठरावीक दीर्घ आजारांत ही मुदत वाढते. परंतु काजू फोडण्यासाठी दिवसभर एका बैठकीत वाकणारी बाई, माडावर चढणारा किंवा चिऱ्यांच्या खाणीत राबणारा रोजंदार यांची रजा कोणत्याच कागदावर उमटत नाही. त्यांच्या बाबतीत ‘रजा किती लांबेल’ या प्रश्नाचे रूप ‘दुखणे दडवून किती दिवस काम रेटले जाईल’ असे होते. परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी येथे लावणे यामुळेच धोक्याचे आहे. त्यातील दोन प्रश्न मात्र गावातील आरोग्य केंद्रातही तोंडी विचारता येतील: झोप लागते काय, आणि पुन्हा कामावर जाल असे वाटते काय.

कार्यालयांपुढील अडचण आणखी वेगळी आहे. वैद्यकीय रजेवरून परतणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला तंदुरुस्तीचा दाखला आणावा लागतो, आणि त्या दाखल्याला दोनच अवस्था ठाऊक आहेत: कामास अयोग्य व कामास योग्य. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला कमी करता येत नाही, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. पण ज्याची कंबर निम्मी सुधारली आहे, जो उभ्याने शिकवू शकत नाही पण बसून वह्या तपासू शकतो, अशा शिक्षकासाठी त्या दाखल्यावर रकाना नाही. तो आणखी एक महिन्याची रजा वाढवून मागतो, आणि ती नियमाप्रमाणे मंजूर होते.