टाके विरघळणारे की काढायचे? विचारून घ्या!

विहारात महिलांचे आरोग्य शिबिर असले की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, सिझरचे टाके आपोआप विरघळतात ना?"

याचे अर्धवट उत्तर किती महागात पडते, हे मी नर्स म्हणून वॉर्डात पाहिले आहे. एक बाळंतीण महिनाभराने परत आली. टाक्यांतून पू येत होता, अंगात ताप होता. "टाके विरघळणारे आहेत" एवढेच तिच्या कानावर पडले होते. ते आतल्या टाक्यांबद्दल होते. कातडीवरचे टाके नायलॉनचे होते, ते काढायचे होते. कार्डावर तसे लिहिले होते, पण इंग्रजीत. तिला कोणी वाचून दाखवले नव्हते.

आतला धागा विरघळतो म्हणजे काय होते?

पूर्वी यासाठी कॅटगट वापरत. तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतो. शरीर त्याला परका मानते, त्यामुळे सूज जास्त येते. १९७० च्या दशकात ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लापासून बनवलेले धागे आले. हे पॉलिमर, म्हणजे छोट्या रेणूंची लांबलचक माळ. कॅरीबॅगचे प्लास्टिकही पॉलिमरच. पण त्याची माळ शरीरात तुटत नाही. या धाग्याची माळ शरीरातल्या पाण्यानेच हळूहळू तुटते. त्यातून निघणारे लॅक्टिक आम्ल आपल्या दह्यातही असते. शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन ते बाहेर पडते. नेहमी वापरल्या जाणाऱ्या अशा एका धाग्याची निम्मी ताकद तीन आठवडे टिकते आणि ५६ ते ७० दिवसांत तो नाहीसा होतो. तोवर जखम भरलेली असते.

जंतू धाग्यावरही चिकटून वाढतात. म्हणून काही धाग्यांना ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप देतात. ऑपरेशनच्या जखमेतील संसर्ग कमी करण्यासाठी असे धागे वापरावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवले आहे.

याच पॉलिमरचे अगदी बारीक गोळे करून त्यांत औषध भरता येते. गोळा झिजेल तसे औषध थोडे थोडे बाहेर येते. प्रोस्टेट कॅन्सरवरचे महिन्यातून एकदा घ्यायचे असे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ पासून मिळते. रोज सुई टोचायची गरज राहिली नाही.

कोळंबीची टरफले आपण फेकून देतो. त्यांच्यापासून कायटोसान हा पॉलिमर बनतो. त्यावर धन विद्युतभार असतो, जंतूंच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. त्यामुळे तो जंतूंना चिकटून त्यांचे आवरण बिघडवतो. रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांतही तो वापरतात.

पण धागा कितीही चांगला असला तरी अस्वच्छ हात, वाढलेली साखर आणि अंगातले कमी रक्त यांच्यापुढे तो एकटा काही करू शकत नाही. जखमेवर राख किंवा कसलाही लेप लावू नका. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नका. लाली वाढली, पू आला, वास येऊ लागला, ताप आला किंवा टाका उसवला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरी सोडताना तीन गोष्टी विचारा:

१. बाहेरचे टाके विरघळणारे आहेत की काढायचे?
२. काढायचे तर कोणत्या तारखेला?
३. त्रास झाला तर कोणाकडे यायचे?

उत्तरे मराठीत लिहून मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही, हा आपला हक्क आहे. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते दवाखान्याच्या दारातही तितकेच लागू आहे.

जय भीम!