चित्र विकले, हक्क नव्हे

गणेशोत्सव संपत आला की चित्रकारांचे फोन वाजू लागतात. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, कथांसाठी रेखाटने, कॅलेंडर, शुभेच्छापत्रे अशी कामे एकदमच येतात. निरोप बहुधा व्हॉट्सॲपवर असतो : “शुक्रवारपर्यंत कव्हर हवं. ओपन फाइल पाठवा. मानधन अंक निघाल्यावर.” चित्रकार ‘हो’ म्हणतो, फाइल जाते, अंक निघतो. पुढच्या वर्षी तेच चित्र एखाद्या डायरीवर नाहीतर कापडी पिशवीवर छापलेले दिसते. तेव्हा चित्रकार भांडायला उभा राहतो खरा, पण त्याची बाजू किती भक्कम आहे, हे त्या एका ‘हो’मध्येच बरेचसे ठरून गेलेले असते.

कायदा मुळात चित्रकाराच्या बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र कागदावर किंवा पडद्यावर उतरले की त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला ‘सी’ही लागत नाही. चित्र चांगले की वाईट हे कायदा पाहत नाही. ते स्वतःचे असले म्हणजे झाले. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. मात्र तो कल्पनेवर नसतो. मोदक खाणारा गणपती कोणीही काढावा. तुम्ही काढलेला, तुमच्या रेषेतला, तुमच्या रंगसंगतीतला गणपती मात्र कोणी उचलू शकत नाही.

प्रदर्शनात चित्र विकले, तर ग्राहकाला कॅनव्हास मिळतो. तो त्याने दिवाणखान्यात लावावा किंवा पुढे विकावा, पण त्याची पोस्टर छापण्याचा हक्क त्याला मिळत नाही. हा हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो.

खरी मेख कलम १७ मध्ये आहे, आणि ती फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असते. कोणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला, किंवा पेंटिंग, पोर्ट्रेट करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे प्रकाशकाने मागणी करून, पैसे देऊन रंगवून घेतलेले मुखपृष्ठ करार नसेल तर प्रकाशकाचे! शाईतल्या रेखाटनांचा उल्लेख या यादीत नाही, त्यामुळे ती चित्रकाराची असे म्हणता येते. पण ब्रश कुठे संपला आणि रेषा कुठे सुरू झाली, यावर कोर्टात वाद घालण्याची वेळ कोणावर का यावी? गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की वृत्तपत्रात नोकरीला असलेल्या व्यंगचित्रकाराला याच कलमाने जास्त संरक्षण दिले आहे. नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सारे हक्क व्यंगचित्रकाराचे. घरी बसून, स्वतःच्या रंगांनी, स्वतःच्या वीजबिलावर काम करणाऱ्याला ते नाही. हे कलम बदलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते बदलेपर्यंत उपाय चार ओळींचा आहे. काम सुरू करण्याआधी मेल पाठवावा : “हे चित्र आपल्या यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आणि अंकाच्या जाहिरातीत एकदाच वापरण्याची परवानगी देत आहे. कॉपीराइट माझ्याकडे राहील. इतर कोणत्याही वापरासाठी वेगळे मानधन ठरवावे लागेल. अंकात चित्रकार म्हणून माझे नाव छापावे.” समोरून “मान्य” असे उत्तर आले की मगच ब्रश हातात घ्यावा. ओपन फाइल, म्हणजे लेअर उघडे असलेली मूळ फाइल, मागितली तर तिचे वेगळे पैसे सांगावेत. छपाईला पीडीएफ पुरते. ज्यांच्याशी वर्षानुवर्षांचा घरोबा आहे, अशा संपादकांकडे हे कसे मागायचे, असा संकोच वाटतो. पण घरोबा टिकवायचा असेल तर कागद आधी झालेलाच बरा.

हक्क पूर्णपणे विकायचे ठरवले तरी करारात मुदत आणि प्रदेश लिहावा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि सगळे विकल्यावरही एक गोष्ट चित्रकाराकडेच राहते : कलाकृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प घडवले होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली ते उतरवून गोदामात टाकले गेले, त्याचे तुकडे झाले. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते. तरीही सहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मालकी सरकारची असली तरी शिल्पकाराचे आपल्या कृतीशी असलेले नाते संपत नाही, हे या निकालाने ठामपणे सांगितले.

साडी, कुर्ते, दागिने, आकाशकंदील करणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे आणि तो कठोर आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही, आणि ती वापरलेल्या वस्तूच्या औद्योगिक पद्धतीने ५०हून अधिक प्रती निघाल्या, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. रितू कुमार यांच्या कंपनीने बिबा या ब्रँडविरुद्ध केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच कारण देऊन कंपनीच्या विरोधात निकाल दिला. एवढ्या नामांकित डिझायनरची ही गत, तर घरगुती बुटीकवाल्या ताईंचे काय होणार! एक्कावन्नावा कुर्ता शिवण्याआधी डिझाइन नोंदवायला हवे. नोंदणी पहिल्यांदा १० वर्षांची असते, पुढे ५ वर्षांनी वाढवता येते. पण अट अशी की डिझाइन आधी कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. कौतुकाच्या भरात नवी नक्षी आधी इन्स्टाग्रामवर टाकली, तर नोंदणीच धोक्यात येते. आधी अर्ज, मग पोस्ट.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नसली तरी कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. चित्रासाठी शुल्क ५०० रुपये आहे. वस्तूवर किंवा सेवेसाठी वापरायचे चित्र असेल, उदाहरणार्थ फराळाच्या पाकिटावरचे, तर २००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखला. अर्ज ऑनलाइन होतो; आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. सगळी चित्रे नोंदवणे परवडत नाही, म्हणून ज्यावर पोट चालते ती निवडावीत. बाकीच्यांची कच्ची स्केचेस, तारखा असलेल्या फाइली आणि मेल जपून ठेवावेत.

चोरी दिसलीच तर आधी स्क्रीनशॉट, वेबपत्ता आणि शक्य असल्यास त्या वस्तूची एक खरेदी पावतीसह करावी. तक्रार केली की पान गायब होते आणि पुरावा जातो. मग विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला लेखी तक्रार, त्यानंतर वकिलाची नोटीस. चोर सुरतेत किंवा तिरुपूरमध्ये बसला असला तरी दावा तिकडे जाऊन लावावा लागत नाही. कलम ६२ प्रमाणे सावंतवाडीत राहणारी, तिथेच काम करणारी चित्रकार आपल्याच जिल्ह्याच्या न्यायालयात दाद मागू शकते.