हेडलाइट आतून काळे करताना

परवा मित्राच्या जुन्या गाडीचे हेडलाइट आतून मॅट काळे केले. बरेच जण विचारतायत, म्हणून थोडक्यात.

आपण काच म्हणतो ते असतं पॉलिकार्बोनेट. ब्युटाइल सीलंटने चिकटवलेलं असेल तर हीट गनने कडेकडेने तापवा. सीलंट च्युइंगमसारखं ताणलं जातं आणि काच सुटते.

रंगवायची फक्त बेझल, म्हणजे दिव्याभोवतीची शोभेची चौकट. आधी ६०० नंबरचा पॉलिशपेपर, मग प्लास्टिक प्रायमर, मग रंगाचे पातळ हात.

रिफ्लेक्टरला बोटही लावू नका. त्याचा चकचकीत थर अगदी पातळ असतो. तो खराब झाला की उजेड कमी.

रंग पूर्ण वाळल्यावरच नवं ब्युटाइल लावून बंद करा, नाहीतर वाफ काचेवर आतून बसते.

बाहेरची काच काळी करू नका, रात्री रस्ता दिसायला हवा!

काही अडलं तर बिनधास्त विचारा.