व्यसनी मुलाला शिक्षा नको, उपचार हवा

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या झिंगराजींचा अंत दारूने केला. १८७६ साली जन्मलेल्या त्यांच्या डेबूजीला लहानपणीच आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या आश्रयाला जावे लागले. पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखल्या गेलेल्या याच मुलाने आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत मोडून गोडाचे जेवण घातले. व्यसन एकाचे असले तरी त्याची झळ साऱ्या घराला लागते आणि त्याची साखळीही घरातच तोडावी लागते, हे वऱ्हाडने असे फार पूर्वी पाहिले आहे.

आज पुष्कळ घरांत चित्र उलटे असते. बाप निर्व्यसनी, परंतु शिक्षणासाठी अमरावती-अकोल्यात खोली घेऊन राहणारा मुलगा नशेच्या आहारी गेलेला. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत एक विलक्षण गोष्ट आढळली. हुंगण्याच्या द्रव्यांचा वापर प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के होता. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन या वस्तूंसाठी चोरट्या गुत्त्याची वाट धरावी लागत नाही. त्या साध्या दुकानातही मिळतात. म्हणूनच कपड्यांना येणारा उग्र वास, बदललेले मित्र, घसरलेले गुण आणि घरातून नाहीसे होणारे पैसे यांची वेळीच दखल घ्यावयास हवी.

अशा वेळी घर काय करते? मारते, देवाची शपथ घालते, खोलीत कोंडते आणि शेजारी बोलतील म्हणून सारे लपविते. वस्तुतः मोह आवरणारा मेंदूचा भाग विशीनंतरही काही वर्षे घडतच असतो. कोवळ्या वयातील व्यसन त्यामुळेच घट्ट बसते. ते केवळ चारित्र्याचे वैगुण्य नव्हे, तो आजार आहे. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. कोंडणे हा उपचार नव्हे, तो धोका आहे.

मुलगा शुद्धीवर असताना शांतपणे बोलावे. हाती रोख पैसा देऊ नये, परंतु जेवण आणि माया तोडू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणने उपचारात कुटुंबालाही सामील करून घेतले, ते याच जाणिवेतून. बरा झालेला मुलगा पुन्हा घसरला, तर सारे व्यर्थ गेले असे मानू नये; पुन्हा उपचार सुरू करावेत.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचेही कारण नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४ अ अन्वये मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. उलट, मुलाला दारू वा अमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याचा रोख कोणावर आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शिक्षकांची जबाबदारी येथेच सुरू होते. नाव काढून टाकलेल्या मुलाला उरतो तो केवळ नशेचा सोबती. शाळेची वर्दी आणि घराचे दार ही त्याच्या परतीची दोन ठिकाणे आहेत. ती दोन्ही एकाच दिवशी बंद करणाऱ्या समाजाला त्याच्या अधःपाताचा दोष एकट्या त्याच्यावर ढकलता येणार नाही.