चेन नवी टाकली, पण पुढचं स्प्रॉकेट जुनंच ठेवलं? मग नवी चेनही लवकरच जाणार!

बाईकची चेन कचकच करायला लागली की आपण गॅरेज गाठतो. मेकॅनिक चेन हलवून बघतो आणि सांगतो, "चेन सेट बदलावा लागेल." चेन सेट म्हणजे तीन वस्तू. चेन, मागचं मोठं स्प्रॉकेट आणि पुढचं छोटं स्प्रॉकेट.

किंमत ऐकली की आपण म्हणतो, खराब चेन झालीय ना, मग नुसती चेनच टाक की. कधी उलटंही होतं. तिघांत सगळ्यात स्वस्त पुढचं स्प्रॉकेट, म्हणून तेवढंच बदलून वेळ मारून नेली जाते.

दोन्ही वेळा पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण काही महिन्यांत तोच आवाज परत येतो आणि पुन्हा गॅरेजची पायरी चढावी लागते. असं का होतं, आणि पुढचं स्प्रॉकेट बदलताना ते चेनशी जुळतंय की नाही हे कसं बघायचं, तेच आज समजून घेऊया.

लपलेलं स्प्रॉकेट आधी झिजतं

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून एका शाफ्टवर येते. त्या शाफ्टच्या टोकाला पुढचं स्प्रॉकेट बसवलेलं असतं. तिथून चेन ही ताकद मागच्या चाकापर्यंत नेते.

मागचं स्प्रॉकेट उघड्यावर असतं, त्यामुळे ते आपल्याला रोज दिसतं. पुढचं मात्र इंजिनच्या बाजूला कव्हरखाली असतं, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि तिघांत सगळ्यात जास्त मार तेच खातं.

उदाहरण म्हणून २०१३ साली भारतात आलेली केटीएम ३९० ड्यूक घेऊ. ही गाडी पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनते. तिच्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दाते होते आणि मागच्याला ४५. म्हणजे मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. पुढच्या प्रत्येक दात्यावर चेन तिप्पट वेळा येऊन बसते.

शिवाय छोट्या स्प्रॉकेटवर चेनला जास्त वाकावं लागतं. १५ दात्यांवर प्रत्येक कडी २४ अंशांत वळते, ४५ दात्यांवर फक्त ८ अंशांत. जितकं जास्त वळण, तितकं आतलं घर्षण जास्त.

चेन 'लांब' होते म्हणजे नेमकं काय होतं?

चेन ढिली पडली की आपण म्हणतो, चेन ताणली गेली. प्रत्यक्षात लोखंडाच्या पट्ट्या फारशा ताणल्या जात नाहीत. झिजते ती कड्यांना जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीचं बुश. ही झीज एका कडीत अगदी किरकोळ असते, पण शंभरेक कड्यांची मिळून चेन लांब होते.

चेनच्या दोन शेजारच्या पिनांमधल्या अंतराला पिच म्हणतात. ५२० नंबरच्या चेनचा पिच असतो १५.८७५ मिलिमीटर. अशा २० कड्यांची लांबी भरते ३१७.५ मिलिमीटर. ही लांबी नुसती एक टक्का वाढली तरी प्रत्येक कडीचा पिच साधारण ०.१६ मिलिमीटरने वाढलेला असतो.

स्प्रॉकेटच्या दात्यांमधलं अंतर मात्र जुन्या पिचचंच असतं. मग चेनचे रोलर दात्यांच्या तळाशी नीट बसत नाहीत, ते वर चढायला बघतात. दात्यांची एक बाजू खाल्ली जाते आणि ते हळूहळू आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात.

सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. जुनी चेन आणि जुनं स्प्रॉकेट एकमेकांना घासत घासत एकमेकांच्या मापाचे होतात. त्यातलं एकच बदललं की नवीन वस्तूची गाठ जुन्या मापाशी पडते. नव्या चेनचा भार झिजलेल्या मोजक्या दात्यांवर येतो, किंवा नव्या दात्यांवर लांबलेली चेन चढते. शेवटी नवीन वस्तूही जुनीच्या वेगाने झिजते.

खराब झालंय हे ओळखायचं कसं?

पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये.

• मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. दात्यापासून चेन ठळकपणे सुटत असेल, अर्धा दाता उघडा पडत असेल, तर चेन संपली.

• पुढचं कव्हर काढून दाते बघा. दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर ठीक. एका बाजूला झुकलेले किंवा टोकदार झाले असतील तर बदलायची वेळ झाली.

• चाक हाताने हळूहळू फिरवा. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल, तर तिची झीज सगळीकडे सारखी झालेली नाही.

• चेन ताणून धरून २० कड्यांची लांबी मोजा. ५२० चेनसाठी काही कंपन्यांची मर्यादा ३१९ मिलिमीटरच्या आसपास असते, काहींची ३२३ पर्यंत जाते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

हे टाळलं तर प्रश्न फक्त आवाजाचा राहत नाही. चालत्या गाडीची चेन उतरून मागच्या चाकात अडकली तर चाक जाम होऊ शकतं. तुटून पुढे गोळा झाली तर इंजिनची केसिंग फुटू शकते. वाचवलेल्या पैशांपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा आहे, आणि हायवेवर तर प्रश्न जिवाचा असतो.

चेनवरचा नंबर काय सांगतो?

चेनच्या पट्टीवर ४२८, ५२०, ५२५, ५३० असा नंबर कोरलेला असतो. पहिला आकडा पिचचा. तो इंचाच्या आठव्या भागात मोजतात. म्हणजे ४ असेल तर ४/८ इंच, १२.७ मिलिमीटर. ५ असेल तर ५/८ इंच, १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे चेनच्या आतल्या रुंदीशी संबंधित असतात.

रोजच्या वापराच्या बऱ्याच १०० ते १६० सीसी गाड्यांना ४२८ चेन असते. मोठ्या गाड्यांना ५२० किंवा त्यापुढची.

४२८ च्या स्प्रॉकेटवर ५२० ची चेन बसतच नाही, कारण पिच वेगळा. खरी फसगत होते ती ५२०, ५२५ आणि ५३० मध्ये. तिघींचा पिच एकच, पण आतली रुंदी वेगळी. ५२० ची साधारण ६.३५ मिलिमीटर, ५२५ ची ७.९४ आणि ५३० ची ९.५३. त्यामुळे ५२० च्या पातळ स्प्रॉकेटवर ५३० ची चेन चढते आणि फिरतेही. पण ती दात्यांवर डावी-उजवीकडे डुलत राहते.

म्हणून पुढचं स्प्रॉकेट घेताना चार गोष्टी जुळवा. चेनचा नंबर, दात्यांची संख्या, मधल्या भोकातल्या खाचा, म्हणजे शाफ्टवर ते घट्ट बसतं का, आणि बाजूने पाहिल्यावर दाते जुन्याइतकेच आत-बाहेर आहेत का. शेवटची गोष्ट चुकली तर पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत येत नाही आणि चेन तिरकी चालते. जुनं स्प्रॉकेट दुकानात सोबत नेऊन नव्यावर ठेवून बघणं सगळ्यात सोपं.

एक दाता कमी केला तर?

पिकअप वाढावा म्हणून बरेच जण पुढे एक दाता कमी असलेलं स्प्रॉकेट टाकतात. ड्यूकचाच हिशोब करू. ४५ भागिले १५ म्हणजे ३. पुढे १४ दाते केले तर ३.२१. म्हणजे चाकाला मिळणारा जोर सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. घाटात, ट्रॅफिकमध्ये फरक जाणवतो.

पण फुकट काहीच मिळत नाही. एखाद्या वेगाला इंजिन आधी ६,००० आरपीएमवर फिरत असेल, तर आता त्याच वेगाला जवळपास ६,४३० वर फिरेल. हायवेवर इंजिनचा आवाज आणि थरथर वाढते, आणि पेट्रोलही जास्त लागू शकतं. चेन आणखी छोट्या गोलाईत वळते. मागचं चाक धरून ठेवणाऱ्या स्विंगआर्मला ती घासत नाही ना, हेही बघावं लागतं.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या बाजूने वेग मोजत असेल, तर काटा खऱ्यापेक्षा ७ टक्के जास्त दाखवेल. पुढच्या चाकावरून मोजत असेल तर फरक पडणार नाही.

चेन मात्र सहसा तीच चालते. एका दात्याच्या फरकाने ५२० चेनच्या गाडीत मागचं चाक साधारण ४ मिलिमीटर मागे घ्यावं लागतं, तेवढी जागा ॲडजस्टरमध्ये बहुधा असते.

बदलताना काय लक्षात ठेवायचं?

• स्प्रॉकेटचा मोठा नट चेन काढण्याआधीच सैल करायचा. चेन चढवलेली असताना मागचा ब्रेक दाबून धरला की शाफ्ट फिरत नाही. चेन आधी काढली तर नट सोडवताना घाम निघतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत मोठ्या नटाऐवजी एक पट्टी आणि दोन छोटे बोल्ट असतात.

• कव्हरखाली साचलेला ग्रीस आणि मातीचा थर काढून टाका. शाफ्टच्या सीलमधून तेल गळत असेल तर ते आत्ताच कळेल.

• नटाखालचा वॉशर वाकवून लॉक केलेला असेल तर तो नवीन टाकावा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळावा.

• चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं.

• शेवटी चेनचा ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवा. फार घट्ट चेनही वाईट, ती शाफ्टच्या बेअरिंगवर जोर देते.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनवर कपडा धरायचा नाही. कपडा ओढला गेला की बोटंही सोबत जातात.

मग दरवेळी तिन्ही बदलायचंच का?

झीज झाल्यामुळे बदलत असाल तर हो, तिन्ही एकदम. चेन जवळपास नवीन आहे, मोजली तर मापात आहे आणि तुम्हाला फक्त दात्यांची संख्या बदलायची आहे, तर एकटं पुढचं स्प्रॉकेट बदललं तरी चालतं. निर्णय पाकिटाकडे बघून नाही, २० कड्या मोजून घ्यायचा.

पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एवढंच सांगा, "दादा, पुढचं कव्हरही उघडा." चेन सेट खरंच गेलाय की अजून चालेल, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.