अर्ध्या दिवसात सिनेमाचं कोल्हापूर

सहल म्हटली की आपल्या बायकांची ठिकाणं ठरलेली असतात. देवदर्शन असेल तर जोतिबा, वाडी, पंढरपूर. पोरांना सुट्टी असेल तर गोवा नाहीतर कोकण. आणि भिशीचे पैसे बऱ्यापैकी साठले असतील तर मग थेट राजस्थान! आमच्या गडहिंग्लजच्या भिशीतल्या बाराजणींनी दोन वर्षांपूर्वी तेही उरकून घेतलं.

जैसलमेरला आम्ही अर्ध्या दिवसाची एक सहल घेतली होती. जीपमध्ये बसवून वाळूत फिरवून आणणारी. किल्ल्यापेक्षा आणि उंटापेक्षा गाइडला कौतुक सिनेमाचं. सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' १९७४ साली आला आणि तेव्हापासून बंगाली माणसं जैसलमेरचा किल्ला बघायला रांग लावतात, हे त्यानं सांगितलं. १९९३ च्या 'रुदाली'चं शूटिंग याच भागात झालं, हेही सांगितलं. आम्ही 'होय का?' करत फोटो काढले. परक्या मुलखात माणूस असं सगळं मन लावून ऐकतं!

असं जगभर चालतं म्हणे. आफ्रिकेतल्या ट्युनिशिया देशात तोझर नावाचं गाव आहे. त्याच्याजवळच्या वाळवंटात 'स्टार वॉर्स' सिनेमासाठी उभारलेलं खोटं गाव अजून आहे. लोक अर्ध्या दिवसाची गाडी ठरवून ते बघायला जातात. सरकणाऱ्या वाळूच्या टेकडीखाली ते गाडलं जाईल की काय, म्हणून तिथल्या लोकांनी वाळू उपसलीसुद्धा. खोट्या गावासाठी एवढा खटाटोप!

परतीच्या रेल्वेत आमच्यातली एक जण म्हणाली, "अगं, आपलं कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं माहेर. आपण काय बघितलंय त्यातलं?" सगळ्या गप्प. अंबाबाई, रंकाळा, चप्पल, साज आणि मिसळ. आमचं कोल्हापूर तेवढंच होतं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. सोबत माहिती सांगायला कोल्हापूरचीच एक मुलगी मिळाली. इतिहासात एम.ए. केलेली, बोलायला चटपटीत. सकाळी साडेआठला सुरुवात आणि दुपारी दोनला जेवण, असा बेत. पाच-साडेपाच तासांत काय बघून होणार, अशी शंका होती. पण ठिकाणं जवळजवळ आहेत. त्यामुळे बघून होतं. मनात मात्र बरेच दिवस राहतं.

पहिला मुक्काम खरी कॉर्नर. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. मी त्या रस्त्यानं पन्नास वेळा तरी गेले असेन, पण मान वर करून बघितलेलं नव्हतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ (नात्यानं चुलत) नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागल्यावर दोघांनी आपला कॅमेरा आपणच बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा तयार झाला. विलायतेहून यंत्र मागवायची ऐपत नव्हती, म्हणून लेथवर बसून ते घडवलं. कोल्हापूरच्या माणसाला साजेसंच!

पण यंत्राबरोबर पैसाही लागतो. महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७-१८ च्या सुमारास उभी राहिली. तिच्या मागं पैसा उभा केला तो तानीबाई कागलकर या बाईंनी. आमची वाटाडी मुलगी हे सांगत होती आणि आम्ही बाराजणी एकमेकींकडं बघत होतो. बाबूराव पेंटरांचं नाव आम्हाला शाळेपासून ठाऊक. तानीबाईंचं नाव एकीनंही ऐकलेलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं आपला पैसा सिनेमासारख्या बेभरवशाच्या धंद्यात घातला. आज आपल्याला बचत गटातून पाच हजार उचलायचे तरी घरी चारदा विचारावं लागतं.

या कंपनीचा पहिला सिनेमा 'सैरंध्री'. १९२० साली तो पुण्यात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनीच केली होती. आज यात काय विशेष वाटणार? पण फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला होता साळुंके नावाचा पुरुष. कारण काम करायला बाई मिळेना. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई फाळक्यांच्या पुढच्या सिनेमात उभ्या राहिल्या, पण एवढ्यानं वाट मोकळी झाली नव्हती. कोल्हापुरात गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढं आल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. सिनेमात काम केलं म्हणून त्यांच्या लोकांनी त्यांना दूर केलं आणि दोघींना कंपनीच्याच आसऱ्याला राहावं लागलं. नाव पडद्यावर आलं, पण घराचं दार बंद झालं.

तिथून आम्ही खासबागेकडं वळलो. कुस्तीच्या मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं हे पॅलेस थिएटर १९१५ साली पुरं झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्यातल्या दोघींनी कॉलेजच्या गॅदरिंगला त्या रंगमंचावर काम केलेलं. त्या बराच वेळ रस्त्यावरच उभ्या राहिल्या. ते पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं गेलं, याचंच काय ते समाधान.

मग 'प्रभात'ची गोष्ट निघाली. पुण्याची प्रभात, असं आपण सहज म्हणतो. पण ती जन्मली कोल्हापुरात, १ जून १९२९ ला. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर ही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. त्यांना सीतारामपंत कुलकर्णी भांडवलासह येऊन मिळाले. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. पण पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मुक्कामातच झाला. त्यात तारामती कोण? दुर्गा खोटे! चांगल्या घरच्या, शिकलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या. त्याआधीच्या एका सिनेमातल्या छोट्याशा कामामुळं त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. अशी बाई पुन्हा उभी राहिली ती कोल्हापुरात. साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षं गेली. हिशोब करताना एकीनं बोटं मोजली आणि म्हणाली, "एवढ्यात पोरगी लग्नाला येते की गं!"

यानंतर जयप्रभा स्टुडिओ. खरं सांगायचं तर तिथं बघण्यासारखं आता फार नाही. शूटिंग बंद होऊन बरीच वर्षं झाली. आम्ही बाहेरूनच बघितलं. पण या जागेनं काय काय सोसलंय! आधी हे 'कोल्हापूर सिनेटोन' होतं, १९३३ सालचं. पुढं भालजी पेंढारकरांनी ते घेतलं. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये दंगली उसळल्या, तेव्हा स्टुडिओ जाळला गेला. भालजींनी कर्ज काढून परत उभा केला. कर्ज डोईजड झालं तेव्हा, १९५९ मध्ये, स्टुडिओ लता मंगेशकरांनी घेतला. त्याच लताबाईंनी 'आनंदघन' हे टोपणनाव घेऊन भालजींच्या सिनेमांना संगीत दिलं. 'साधी माणसं' १९६५ चा. त्याच्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा लोकांना कळलं की आनंदघन म्हणजे एक बाई आहे.

सुलोचनाबाईंनाही घडवलं ते इथल्याच भालजींनी. चिकोडीकडच्या खडकलाटची ही मुलगी. 'सुलोचना' हे नावही भालजींनीच ठेवलेलं. ४ जून २०२३ ला त्या गेल्या, तेव्हा आमच्याकडं घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत या स्टुडिओची जागा विकली गेल्याचं उघड झालं, तेव्हा कोल्हापूरच्या कलाकारांनी आणि तंत्रज्ञांनी गेटसमोर साखळी उपोषण केलं. ही हकिगत ऐकत असताना आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, एकदम म्हणाल्या, "माझी आई येत होती इथं कामाला."

आम्हाला वाटलं, झाडलोट, स्वयंपाक असं काहीतरी. काकू म्हणाल्या, "न्हाई गं. सिनेमात. गर्दीतल्या बायकांत उभी राहायची. डोक्यावर घागर घ्यायची आणि पाणवठ्यावरनं चालत जायची." वडील लवकर गेलेले. घरात तीन लेकरं. आई शेजारपाजारी सांगायची, दळणकांडणाला जाते. काकूंचं लग्न ठरलं तेव्हा मामानं बजावलं, सासरी स्टुडिओचं नाव काढायचं नाही. काकूंनी ते पाळलं. पन्नासच्या वर वर्षं संसार झाला, नवरा गेला, नातवंडांची लग्नं झाली. आई कुठल्या सिनेमात दिसते, ते काकूंना माहीत नाही. विचारायचं राहून गेलं आणि आईही गेली.

कुणाला काही बोलायला सुचेना. मग आमच्या भिशीच्या अध्यक्षीण बाईंनी काकूंचा हात धरला आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या आईनं कष्टाचं खाल्लं. लपवायचं कशाला?" काकू म्हणाल्या, "आता नाहीच लपवत. म्हणून तर सांगितलं."

मला वाटतं, सिनेमा म्हटला की आपण हिरॉइनपर्यंत येऊन थांबतो. पण एका सिनेमामागं किती बायका राबल्या असतील! केस विंचरणाऱ्या, लुगडी शिवणाऱ्या, शंभर माणसांच्या भाकरी थापणाऱ्या आणि काकूंच्या आईसारख्या नुसत्या चालून जाणाऱ्या. त्यांची नावं श्रेयनामावलीत नाहीत आणि घरातही कुणी घेतली नाहीत. ट्युनिशियातल्या त्या गावावर वाळू चढते. आपल्याकडं वाळू नाही, 'लोक काय म्हणतील' आहे. तेही तितकंच सगळं गाडून टाकतं.

पुढं रंकाळ्याच्या बाजूला शालिनी सिनेटोनची जागा. राजघराण्याच्या आश्रयानं, अक्कासाहेब महाराजांच्या पाठबळावर हा स्टुडिओ उभा राहिला. नाव राजकन्या शालिनीराजेंचं. बाबूराव पेंटरांनी 'उषा' (१९३५) आणि 'प्रतिभा' (१९३७) इथंच केले. आता त्या जागेवर वसाहत आहे. स्टुडिओसाठी राखलेल्या उरल्यासुरल्या भूखंडांवरून मधल्या काळात वादही झाले. इथं बघायचं काय, तर वाऱ्यावर एक चक्कर मारायची आणि मनात चित्र उभं करायचं.

शेवटी मोरेवाडीची चित्रनगरी. ही सरकारी. मधली कित्येक वर्षं ओसाड पडलेली, आता पुन्हा हलती-बोलती झालेली. वाडा, पोलिस ठाणं, कोर्ट असे तयार सेट आहेत. समोरून भक्कम दगडी भिंत आणि मागं जाऊन बघावं तर प्लायवूड आणि बांबू! आमच्यातल्या दोघी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभ्या राहून नवऱ्यांवर खटला चालवू लागल्या, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. कोल्हापूरचीच उषा जाधव हिला २०१२ च्या 'धग'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे गुलाबबाईंपासून सुरू झालेली ही ओळ अजून तुटलेली नाही.

कुणाला जायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. चित्रनगरीत जायची परवानगी आधीच काढा. शूटिंग चालू असेल तर आत सोडतीलच असं नाही. बाकीची ठिकाणं बाहेरूनच बघायची आहेत, त्यामुळं माहिती सांगणारं माणूस सोबत हवंच. नाहीतर नुसत्या भिंती दिसतात. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे, ते निघायच्या आधीच विचारून ठेवा. आमची एका ठिकाणी फार पंचाईत झाली.

आणखी एक. आपल्या घरात, भावकीत, शेजारी एखादी म्हातारी असेल तर तिला एकदा विचारा. तंबूतला सिनेमा पहिल्यांदा कधी बघितला? कुणाबरोबर गेलीस? घरी सांगून की चोरून? पूर्वी कोल्हापूर-सांगली भागात राहिलेली असेल तर हेही विचारा, स्टुडिओत कुणी कामाला होतं का? एक वही घ्या आणि सांगेल ते लिहून ठेवा. आमच्या काकूंच्या नातीनं घरी तशी वही केली आहे. पहिल्या पानावर पणजीचं नाव लिहिलंय आणि आता ती जुने सिनेमे थांबवून थांबवून बघते. पाणवठ्याचा सीन आला की काकूंना हाक मारते.