म्हाताऱ्या गाडीला गारवा

ह्यूस्टनच्या उन्हाळ्याबद्दल इथल्या मंडळींना आम्ही काय सांगावे! पण त्या उन्हात १९७२ सालच्या एम.जी.बी. जी.टी.मध्ये बसून ट्रॅफिकमध्ये अडकण्याचा मान बहुधा आमच्याच घराण्याचा. समोर इंजिन तापलेले, पायाशी गिअरबॉक्सवरचा पत्रा तापलेला, आणि मागची भली मोठी तिरकी काच म्हणजे तर सोलर कुकरच.

ही गाडी आम्ही २०१९ साली मोडक्या अवस्थेत घेतली. तीन वर्षे शनिवार-रविवार गराजमध्ये घालवून गंज काढला, इंजिन उघडून पुन्हा बांधले. एसीचा विचार मनात आला नाही असे नाही, पण 'गाडी ओरिजिनलच हवी' हा आमचा हट्ट.

जुलै २०२२मध्ये सांगलीहून बाबा आले. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर आपली पद्मिनी त्यांनी स्वतःच दुरुस्त केलेली, त्यामुळे आमच्या गाडीचे बॉनेट उघडून अर्धा तास नुसते बघत उभे राहिले. मग पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात याच गाडीने जायचे ठरले. येताना हायवेवर अपघात, सगळे ठप्प. बाबा काही बोलले नाहीत, पण शर्ट चिंब आणि चेहरा पांढराफटक. कसेबसे एक गॅस स्टेशन गाठले आणि त्यांना आत कोल्ड्रिंकच्या फ्रिजपाशी बसवले. रात्री सौ. एवढेच म्हणाली, "तुमचं ओरिजिनल राहू द्या बाजूला आता."

झाले! नुकताच बसवलेला डॅशबोर्ड परत निघाला. एसीचा निर्णय गाडी उघडी असतानाच घ्यायला हवा होता. ते शहाणपण आम्हाला सहा शनिवारांना पडले.

सुरुवात एसीपासून केलीच नाही. आधी आत येणारी उष्णता अडवली. गालिचा उचलून खालच्या पत्र्यावर, गिअरबॉक्सच्या बोगद्यावर आणि इंजिनकडच्या भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले अस्तर चिकटवले, तारांच्या भोकांना नवे रबर घातले. निम्मा त्रास तेवढ्यानेच गेला.

आता थंड हवेची पेटी ठेवायची कुठे? या गाडीचा हीटर इंजिनच्या बाजूला असा कोंबलेला असतो, की कारखान्यात आधी हीटर टांगून मग भोवती गाडी बांधत, असा विनोद एम.जी.वाल्यांत चालतो. तिथे जागा शून्य. म्हणून पेटी डॅशबोर्डखाली, शेजारच्या प्रवाशाच्या गुडघ्यांपाशी टांगली. नळ्यांसाठी मात्र युक्ती सापडली. डाव्या आणि उजव्या स्टिअरिंगसाठी सांगाडा एकच असल्याने पलीकडच्या पेडलची जागा पत्र्याने झाकलेली असते. तो पत्रा जपून ठेवला, त्याच मापाचा दुसरा कापून त्यातून नळ्या नेल्या. मूळ गाडीला एकही नवे भोक नाही! उद्या कोणाला सगळे काढायचे असेल तर खुशाल काढावे.

जुना आर-१२ गॅस इथे १९९५ अखेर बनायचा बंद झाला. आर-१३४ए घ्यायचा तर कंडेन्सर जास्त क्षमतेचा लागतो. तो बसतो रेडिएटरच्या पुढ्यात, म्हणजे बाहेर टाकलेली सगळी उष्णता थेट रेडिएटरच्या तोंडावर. मूळचा पंखा इंजिनवर फिरणारा, सिग्नलला गाडी उभी राहिली की तोही पेंगतो. म्हणून दोन विजेचे पंखे लावले. मग विजेचा हिशेब आला. मूळ अल्टरनेटर ३४ अँपिअरचा. पंखे, ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि रात्रीचे दिवे एकदम चालू केले की तो पुरणार नाही हे कागदावरच दिसत होते. जवळजवळ दुप्पट क्षमतेचा बसवला. कॉम्प्रेसर लहानसा सँडन. ड्रायर सर्वांत शेवटी उघडून जोडला, कारण आतले रसायन हवेतला ओलावा शोषते आणि ह्यूस्टनमध्ये ओलाव्याला काय तोटा! व्हॅक्यूम ओढणे आणि गॅस भरणे हे काम परवाना असलेल्या दुकानात करून घेतले.

एसी लावला की गाडी थोडी दमते, हे खरे. पण ह्यूस्टनमध्ये चढ म्हणजे फ्लायओव्हर! बाहेर ९६ असताना जाळीतून ५२ अंश फॅरनहाइटची हवा येते.

मे २०२४मध्ये बाबा पुन्हा आले. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी दारातली ती त्रिकोणी काच उघडली, पद्मिनीत उघडत तशीच.

"बाबा, काच लावा, एसी चालू आहे."

"लावतो रे. जरा वारा येऊ दे."